आवाज करेल त्याचं चित्र मोठं

बुधवार, ४ मार्च

ताई,

आणि वर मीच खोटारडा! तेही आईच्या फोनवरून, आईकडून लिहून घेऊन. तिला एक ओळ लिहायला अर्धा तास लागतो, त्यात तिला 'ट' सापडला नाही, तर मी 'खोठारडा' झालो. शिवी द्यायची तर निदान स्वतःच्या हाताने दे ना. पण तुला तेवढाही संबंध नकोय. माझा नंबर बंद केलास, व्हिडिओच्या खोलीची लिंक पाठवली तर उघडत नाहीस, म्हणून शेवटी हा कागद. पोस्टाने आलेलं पत्र बंद करता येत नाही, फार तर फाडता येतं. वाचून फाड.

तुझं म्हणणं काय? इकडच्या शिवणाच्या कारखान्याच्या बाईंनी व्हिडिओवर विचारलं, "इकडे येऊन राहाल का?" ते मी तुला हातांनी सांगितलं. तू म्हणालीस, येते. आणि मी बाईंना सांगितलं, ही येणार नाही म्हणते. बाईंचा चेहरा पडला तो तू पाहिलास, आणि चार दिवसांनी, तुझ्या कामाचा नमुना बाईंना पाठवणाऱ्या कापडवाल्या काकांनी तुला विचारलं, "एवढं चांगलं काम नाकारलंस कशाला गं?" तेव्हा तुला कळलं. बरोबर? हे असं झालं खरं. पण मी ते मुद्दाम केलं, हे कशावरून धरून बसलीस?

एकदा शांतपणे ऐक. ऐक म्हणजे वाच. तुला काय, लिंक दाबली की ब्राउझरमध्ये खोली उघडते आणि मी समोर दिसतो. काही उतरवून घ्यायला नको, नाव-नंबर द्यायला नको. पण ती खोली उभी करायला मी काय काय केलं ते तुला ठाऊक नाही. बाकीचे फुकटचे व्हिडिओ असतात ना, ते ऐकणाऱ्यांसाठी बनवलेले. नेट जरा कमी पडलं की आवाज वाचवतात आणि चित्राचा गळा दाबतात. तुझी बोटं विरघळायची. तू 'उद्या' म्हणालीस की मला 'चहा' दिसायचा. म्हणून मी चष्म्याच्या मागे लागलो. चष्मा म्हणजे आमच्या ऑफिसातला सिस्टीमवाला. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर त्याने मला साहेबांना विचारून सोडवून दिला. तो मी राहत्या जागेवर आणून ट्रंकेवर ठेवला. त्याचा पंखा असा घरघरतो की माझ्याबरोबर राहणारे दोघे त्याला म्हातारा म्हणतात. "तुझा म्हातारा घोरतोय रे, कुशीवर कर त्याला."

त्या म्हाताऱ्यावर सर्व्हर बसवला, बिघडवला, पुन्हा बसवला. मग कळलं की पत्त्याशेजारी कुलपाची खूण नसेल तर ब्राउझर कॅमेऱ्याला हातच लावू देत नाही. ते कुलपाचं सर्टिफिकेट मिळवलं. मग घरमालकाच्या राउटरमधून आत-बाहेर जायला वाट पाहिजे, त्यापायी महिनाभर त्याचा जिना मी झाडला. तरी तू दिसेनास! चष्मा म्हणाला, तुझा राउटर आणि तिचा राउटर, दोघांना एकमेकांचं दार सापडत नाही, मधे एक हमाल बसव. तोही म्हाताऱ्याच्याच पोटात चालतो. इकडून आलेलं उचलायचं आणि तिकडे टाकायचं, एवढंच त्याचं काम. बसवला. त्या दिवशी तुझी बोटं अशी लख्ख दिसली, की नखाजवळ सुई टोचल्याची खूणसुद्धा दिसली. सातवी नापास माणसाने केलंय हे. आणि तोच माणूस तुझं वाईट करील?

आता झालं काय ते सांगतो. आरसा. व्हिडिओत माणूस स्वतःला आरशातल्यासारखा दिसतो, डाव्याचं उजवं. आणि तुझी तर तऱ्हाच न्यारी. तोंडात टाचण्या धरून धरून मान हलवायची सवयच गेलेली. उजव्या हाताची दोन बोटं खांद्याला लावलीस की हो, डाव्या हाताची लावलीस की नाही. जगात दुसरं कुणी असं बोलत नसेल. त्या दिवशी सर्व्हरच्या कुठल्याशा खटक्याने तुझं चित्र माझ्याकडे आरशासारखं उलटं आलं. मला डावा हात दिसला, मी नाही सांगितलं. चूक सर्व्हरची. फार तर माझी, सर्व्हर माझा म्हणून. पण मी खोटारडा नाही.

आईला म्हणावं गुडघा शेकत जा.

तुझा,
ज्याला तू कान ओढून दाखवून हाक मारतेस तो


रविवार, १५ मार्च

ताई,

तुझ्या चार ओळी पोचल्या. पाकीट जाड होतं, मला वाटलं सविस्तर लिहिलं असशील. उघडलं तर माझंच पत्र घडी घालून परत, आणि त्याच्या पाठीवर तू लिहिलेलं. कागदही माझ्यावर खर्च करायचा नाही, असंच ना?

"बाईंनी मला मापाची टेप अगदी कॅमेऱ्याला भिडवून धरायला सांगितलं होतं. साडेसोळाचा आकडा त्यांनी वाचला, तूही वाचलास, मला बोटांनी दाखवलास. आरशात आकडे उलटे दिसतात. मी शिंपीण आहे, माझा जन्म आरशासमोर गेला."

आणि खाली, "मी हसत होते. तेही त्यांना दिसलं नाही का?"

हे वाचलं आणि कागद उलटा करून माझंच पत्र पुन्हा वाचायला लागलो. बरोबरच्यांपैकी एकाने विचारलं, "काय रे, घरी सगळं ठीक?" मी म्हटलं, "हो, बहिणीचं पत्र." मग त्याने विचारलं, "तुला बहीण आहे?" यावर मी काय बोललो ते राहू दे.

बरं, आरसा नव्हता. चित्र सरळ होतं. आरसा फक्त स्वतःपुरता असतो, समोरच्याला माणूस सरळच दिसतो, हे चष्म्याने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

पण मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं. तू इकडची हवा पाहिलेली नाहीस. आम्ही राहतो त्या भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. रस्त्यावर गाड्या कशा येतात, हॉर्न वाजवतात आणि गृहीत धरतात की सगळ्यांना ऐकू गेलं. मागून गाडी आली तर तुला कोण सांगणार? कारखाना तळघरात. बाई कामाला कडक आहेत म्हणे, पाच वाजले तरी उठू देत नाहीत. तिकडे तू तुझ्या मनाची राणी, दारातून उजेड येतो, आई जवळ. मी म्हटलं कशाला त्या फंदात. आधी तुला विचारायला हवं होतं हे कबूल.

आता तुझ्या प्रश्नाचं. नाही, दिसलं नसणार. या असल्या खोल्यांची एक रीत असते, जो आवाज करेल त्याचं चित्र आपोआप मोठं होतं. बाकीचे कोपऱ्यात तिकिटाएवढे. पहिल्यांदा मी आपली खोली केली तेव्हा आई बोलली की आई मोठी, बाहेर कुत्रं भुंकलं की तो आवाज आईच्या मोबाइलमधून, म्हणून पुन्हा आईच मोठी, आणि तू सारखी कोपऱ्यात. किती हात हलवलेस तरी कोपऱ्यातच. तू वैतागून कॅमेऱ्यासमोर वही आपटली होतीस, आठवतं? तेव्हा आवाज झाला आणि तू एकदाची मोठी झालीस, आणि आपण तिघं किती हसलो. मग मी ते बंद करायचं कुठे असतं ते शोधून काढलं. आपल्या खोलीत सगळे सारखे.

बाईंसाठी मी वेगळी खोली केली होती. तिच्यात ते बंद करायचं राहून गेलं. बोलत मी होतो, म्हणून बाईंच्या पडद्यावर मी मोठा. तू कोपऱ्यात. दोन बोटं खांद्याला लावलेली त्यांना दिसली असतील तरी त्यांना त्याचा अर्थ काय कळणार? आणि हसणं एवढ्याशा चित्रात कुठे दिसतं?

राहून गेलं, ताई. माफ कर.

तुझा


रविवार, २२ मार्च

ताई,

राहून गेलं नव्हतं.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि हात आतच अडकावा तसा उभा राहिलो. ते बाहेर काढता आलं असतं तर काढलं असतं. आता नीट लिहितो. खाडाखोड होईल, होऊ दे.

मी सिस्टीममध्ये नाही. आईने सगळ्यांना सांगितलंय की पोरगा कॉम्प्युटरच्या कामाला आहे, ते मीच तिच्या डोक्यात भरवलं. कॉम्प्युटर ठेवलेल्या खोलीची फरशी पुसतो मी. तिथे पाणी चालत नाही म्हणून कोरड्या फडक्याने. कधी चष्म्याला वायर ओढायला माणूस कमी पडला तर मला हाक येते. तेवढंच माझं कॉम्प्युटर. तू इकडे आली असतीस तर दुसऱ्या दिवशी तुला माझ्या हातातली बादली दिसली असती.

पण हेही खरं कारण नाही. म्हणजे आहे, पण हे सांगायला सोपं आहे म्हणून आधी सांगितलं.

तुझी बोटं लख्ख दिसली म्हणून लिहिलं ना, त्या दिवशी मी इतका खूश होतो की मागे कोण उभं आहे ते पाहिलंच नाही. बरोबरचा एक माझ्या खांद्यावरून बघत होता. तू बंद केल्यावर तो म्हणाला, "कोण रे ही? माश्या मारत होती की काय?" आणि त्याने तुझ्यासारखे हात करून दाखवले. खांद्याला बोटं लावली, कान ओढला, तोंड वाकडं केलं. तू तोंड वाकडं करत नाहीस. दुसरा गादीवर लोळून हसला.

मीही हसलो.

मग त्याने पुन्हा विचारलं, कोण ती. मी म्हटलं, "आमच्या शेजारची आहे, कपडे शिवते. तिला फोनवर बोलता येत नाही म्हणून सगळे मलाच गळ घालतात."

हे तुझ्यापर्यंत कधीच पोचलं नसतं. तरी लिहितोय, कारण बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. मी तुला प्रश्न पुरता सांगायच्या आत तुझी बोटं खांद्याला लागली. उजवा हात. इतक्या पटकन तू कुठल्याच गोष्टीला हो म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. आणि मला दिसलं, तू आमच्या गल्लीत उभी आहेस, मला लांबून पाहून कान ओढते आहेस, आणि ते दोघे दारात. झालं. तोंडातून निघून गेलं, "ती म्हणते, घर सोडून येणं जमणार नाही."

निघून गेलं असं लिहिलं खरं, पण आवाज करेल त्याला मोठं करायचा तो खटका मी सकाळीच मुद्दाम चालू ठेवला होता. मी मोठा दिसावा, तू लहान. बाईंनी तुझ्या हातांकडे फार बघू नये. का, तर त्यांनीही हसू नये म्हणून. त्या हसल्या नसत्या, हे मला आता कळतंय. तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा, "त्या वाचतात ना? मग मी लिहून विचारू का? तिथे लिहायची जागा दिसतेय." मी म्हटलं, "कशाला मॅडम, वेळ जाईल, मी आहे ना."

मला तुझी लाज वाटली नाही असं लिहिणार होतो. वाटली. आता स्वतःची वाटते, पण त्याने त्या वेळची पुसली जात नाही. आपण बसवलेला तो हमाल, त्या यंत्राला अक्कल नाही, पण तुझं उचललेलं तो तसंच्या तसं पोचवतो.

शुक्रवारी सुटी घेऊन कारखान्यात गेलो. तळघर आहे ते खरं, पण मी लिहिलं तसं नाही. वरून झरोके आहेत आणि कापायच्या टेबलावर असा पांढरा उजेड की दोरा न दोरा दिसतो. इस्त्रीच्या वाफेचा वास. बायका कामाबरोबर गप्पा मारत होत्या, मी आत गेल्यावर एक म्हणाली, "बटण लावून घ्यायचंय का? रांगेत या!" सगळ्या हसल्या. बाई टेबलापाशी उभ्या होत्या, काकांनी नमुना म्हणून पाठवलेली तुझीच कॉलर त्यांच्यापुढे, उसवून पसरलेली.

मी सगळं सांगितलं. फरशीपासून. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली नाही, ऐकत राहिल्या.

मग म्हणाल्या, "ती बोलत नाही हे मला कापडवाल्यांनी सांगितलं होतं. तू खरं बोलत नाहीस हे सांगायचं त्यांच्याकडून राहिलं."

त्यांनी टेबलावरची कॉलर माझ्यापुढे सरकवली.

"ही कॉलर बघ. उसवून बघितली मी, आतून कशी बसवलीय ते कळावं म्हणून. दोन माणसं लावली या कामाला, दोघांकडून होईना. मी त्या बाईची वाट पाहिली असती सहा महिने. तू एका वाक्यात उडवलीस."

"चुकलं मॅडम."

"मला कशाला सांगतोस? माझं कापड नाही फाडलंस तू."

मी विचारलं, अजून जागा आहे का. त्या म्हणाल्या, "ते मी तिला विचारीन. तुझ्या त्या खोलीचा पत्ता दे मला. आणि त्या वेळी तू आत यायचं नाहीस. दारात नाही, खिडकीत नाही. समजलं?"

मी हो म्हटलं. निरोप त्या कापडवाल्या काकांकडून देतील, माझ्याकडून नाही. तू खोली उघड, ताई. माझ्यासाठी नको. तिथे मी नसेन.


गुरुवार, २ एप्रिल

ताई,

तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो. मी आत आलो नाही.

नवी खोली केली होती, तिच्यात सगळे सारखे. लिहायची जागा मोठी करून बाजूला मांडली. तुमचं लिहिलेलं साठवायचं बंद केलं, मागाहून मला मोह होऊ नये म्हणून. सर्व्हर चालवणाऱ्याला एक पान दिसतं, त्यावर कुठल्या खोलीत किती माणसं आहेत तेवढं कळतं, हिरव्या ठिपक्यांनी. ते पान उघडून बसलो. आधी एक ठिपका. तो बाईंचा असणार, कारण वेळेच्या आधी होता. नंतर काहीच नाही. मला वाटलं तू येणार नाहीस, आणि खरं सांगतो, त्यात माझं काही चुकलं नाही असं म्हणायला जागा मिळेल असाही एक विचार मनात येऊन गेला. इतका हलकट आहे मी. मग दुसरा ठिपका आला.

सुटीची दुपार होती. वरचा पत्रा तापलेला, म्हातारा धापा टाकायला लागला. तो तापला की आधी चित्र अडकतं आणि मग सगळंच बंद पडतं. मी त्याचं झाकण काढलं आणि खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. बरोबरचे दोघे जेवून आले, बघतात तर मी कॉम्प्युटरला वारा घालतोय.

"आता पाय पण चेप त्याचे," एक म्हणाला.

मी म्हटलं, "आत माझी बहीण आहे."

"कोण?"

"ती, हात करणारी. शेजारची नाही. माझी सख्खी मोठी बहीण. कामाचं ठरतंय तिचं."

कुणी हसलं नाही. ज्याने तुझी नक्कल केली होती तो थोडा वेळ चपलेचा पट्टा ओढत राहिला. मग म्हणाला, "आधी सांगायचंस ना, गाढवा. मी काय काय केलं तेव्हा." मी म्हटलं, "मी पण हसलो होतो." तो म्हणाला, "तेच तर." आणि माझ्या हातातला पुठ्ठा घेऊन त्याने वारा घालायला घेतला. त्यापेक्षा त्याने एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं.

दोन ठिपके संध्याकाळ व्हायला आली तरी होते. मधे एकदा एक गेला, मी पडद्याला नाक लावलं, पण लगेच परत आला, तू चार्जर लावायला उठली असशील. इतका वेळ तुम्ही काय बोललात? माझ्याबरोबर ती सगळी मुलाखत पाच मिनिटांत आटोपली होती.

काल बाईंच्याकडे गेलो, बाहेर थांबलो. त्याच बाहेर आल्या. म्हणाल्या, "पंधरा तारखेपासून येतेय. कापायचं टेबल तिचं. आणि हे बघ, तुझी बहीण लिहिते छान. मला दोनदा हसवलं." कशाने ते सांगितलं नाही. मग म्हणाल्या, "राहायचं मी विचारलं. भावाकडे राहणार नाही, असं तिने स्वतःहून लिहिलं. माझ्याकडच्या दोघी वरच्या मजल्यावर राहतात, त्यांच्यात तिसरी खाट टाकतेय."

मी म्हटलं, बरं.

"कारण मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

बरोबर केलंस. मला वाईट वाटलं असं लिहिणार नाही, वाटायचा हक्क नाही. तू इकडे असशील आणि मी इकडे असेन, मधे चार गल्ल्या. मी आपणहून त्या चार गल्ल्या ओलांडणार नाही. स्टेशनवर यायचं असेल तर काकांच्या हाती निरोप दे, नसेल तर त्या दोघींपैकी एक येईल, बाईंनी सोय केलीय. मी आलो तर हातात बादली नसेल, पण बादलीचं काम तेच आहे, हे लक्षात ठेवून ये. आईला मी स्वतः फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "फरशी तर फरशी, चोरी तर नाही ना करत?" मग म्हणाली, "पण पोरीला शेजारीण केलंस रे." तू दाखवलंस ना तिला माझं पत्र? बरं केलंस.

काकांच्या दुकानात पैसे पोचतील. ते बाईंनी दिलेले नाहीत, उसने नाहीत, फरशीचे आहेत. त्यात एकाच बाजूचं तिकीट धरलेलं नाही. इथे आल्यावर काम आवडलं नाही, माणसं आवडली नाहीत, किंवा मी नजरेसमोरही नको वाटलो, तर तुला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. तुझं 'नाही' आता कुणी मधे उभं राहून सांगणार नाही, ते तुझ्या पिशवीतच असू दे. येण्याचे आणि जाण्याचे, दोन्ही मिळून चार हजार सहाशे पाठवतो आहे.